समोर बसलेले माणूस : व्यक्तिचित्रणाच्या नीतीविषयी

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत चित्रकलेकडून आलेले शब्द थोडे नाहीत. व्यक्तिचित्र, शब्दचित्र, स्मृतिचित्र, रेखाटन, व्यक्तिरेखा, छटा, पार्श्वभूमी हे शब्द आता इतके रुळले आहेत की ते उसने आहेत याचेही भान उरलेले नाही. लेखकाने एखादे पात्र 'मोजक्या फटकाऱ्यांत उभे केले' असे म्हणताना समीक्षक क्षणभर का होईना चित्रकाराच्या कार्यशाळेत डोकावत असतो. मात्र या उसनवारीत एक गोष्ट मागे राहिली. रंग, रेषा, छाया आणि प्रकाश समीक्षेने घेतले. चित्रकाराच्या समोर तासन्तास बसलेले माणूस तेवढे घेतले नाही.

ही उणीव केवळ परिभाषेची नाही. जिवंत माणसाला समोर बसवून त्याचे चित्र काढणे ही कृती कलेच्या क्षेत्रात मोडते, तशीच ती दोन माणसांमधील व्यवहाराच्या क्षेत्रातही मोडते. एक माणूस पाहतो, दुसरे पाहून घेते. एकाच्या हाती कुंचला असतो, दुसऱ्याच्या वाट्याला स्थिर राहणे येते. बैठक संपल्यावर एकाच्या नावावर कलाकृती जमा होते. दुसऱ्याच्या नावावर काय जमा होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. चित्रकार बसणाऱ्या माणसाचे नेमके काय देणे लागतो? आणि ते देणे मान्य केल्यास कलावंताच्या स्वातंत्र्याला बाध येतो काय? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. त्याचे उत्तर शोधताना, शब्दांनी माणसे रेखाटणाऱ्यांनाही हाच प्रश्न कसा लागू पडतो हे ओघाने पाहता येईल.

२

प्रथम या व्यवहाराचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि पाश्चात्त्य अकादमिक पद्धतीचे मानवाकृतीचे शिक्षण क्रमाक्रमाने येथे रुजले. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत मॉडेलच्या मस्तकाचा अभ्यास, मग पूर्णाकृती असा तो क्रम. विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत, १९२० च्या सुमारास, तेथे स्थिरावला. पेस्तनजी बोमनजी, म. वि. धुरंधर, आंतोनियो शावियेर त्रिंदाद, सा. ल. हळदणकर यांच्यापासून पुढच्या अनेक पिढ्यांपर्यंत व्यक्तिचित्रणाची जी परंपरा पश्चिम भारतात दिसते, तिचा पाया या समोर बसलेल्या माणसाच्या निरीक्षणात आहे.

या निरीक्षणाची रीत मोठी विलक्षण आहे. मॉडेल चौथऱ्यावर बसते. विश्रांतीनंतर तीच ठेवण पुन्हा साधावी म्हणून पावलांभोवती खडूने खुणा केल्या जातात. दृष्टी भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर खिळवायला सांगितली जाते. चित्रकार हात लांब करतो, एक डोळा मिटतो आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून कपाळ, नाक आणि हनुवटी यांचे प्रमाण मोजतो. छटांचे गट एकत्र दिसावेत म्हणून डोळे किलकिले करतो. या क्षणी त्याला समोर माणूस दिसत नाही, दिसूही नये. गालाच्या हाडाखाली प्रकाश कोठे तुटतो, मानेवर परावर्तित प्रकाश किती उबदार आहे, एवढेच त्याने पाहावे अशी त्याच्या शिक्षणाची मागणी असते. 'नाक' हे नाव विसरल्याशिवाय नाक नीट काढता येत नाही, असा चित्रकलेच्या वर्गातला अनुभव आहे.

परंतु अर्ध्या तासाने काय होते? खांदा सैल पडतो. ओठांचे कोपरे खाली येतात. पायाला मुंग्या येतात आणि ठेवण बदलते. पहिल्या काही मिनिटांतला, चारचौघांत जाताना धारण करावा तसा चेहरा गळून जातो आणि त्याखालचा, स्वतःशीच असलेला चेहरा वर येऊ लागतो. चित्रकाराला हवा असतो तो बहुधा हाच. म्हणजे ज्या थकव्यामुळे बसणे असह्य होऊ लागते, त्याच थकव्यातून चित्राला सत्य मिळते. येथे चित्रकाराला निर्णय घ्यावा लागतो. 'आणखी पाच मिनिटे' म्हणायचे की 'जरा उठा, पाय मोकळे करा' म्हणायचे? हा निर्णय कलेच्या कोणत्याही नियमाने सुटत नाही. छायाचित्रावरून काम करणाऱ्याला तो घ्यावाच लागत नाही. छायाचित्र थकत नाही. छायाचित्रावरून केलेले काम कमी प्रतीचे असते असा याचा अर्थ नव्हे. समोरच्या माणसाचे थकणे चित्रकारापुढे जो प्रश्न उभा करते तो तेथे उद्भवत नाही, इतकाच अर्थ.

३

सौंदर्यशास्त्राच्या मराठी वाचकाला या ठिकाणी कांटची आठवण होणे स्वाभाविक आहे. १७९० च्या तिसऱ्या 'क्रिटिक'मध्ये कांटने सौंदर्यविषयक निर्णय हितसंबंधनिरपेक्ष असतो असे सांगितले. वस्तू प्रत्यक्षात अस्तित्वात आहे की नाही, याविषयी सौंदर्य अनुभवणारा उदासीन असतो. त्यापूर्वी पाच वर्षे, १७८५ च्या नीतिमीमांसेवरील ग्रंथात, याच कांटने माणसाला कधीही केवळ साधन म्हणून न वागवता त्याच वेळी साध्य म्हणूनही वागवावे असा दंडक घातला होता. एरवी या दोन विधानांची गाठ पडत नाही, कारण एक सौंदर्यशास्त्राच्या प्रकरणात येते आणि दुसरे नीतिशास्त्राच्या. व्यक्तिचित्राच्या बैठकीत मात्र ती समोरासमोर येतात. ज्या वस्तूच्या अस्तित्वाविषयी उदासीन राहायचे ती वस्तू येथे एक माणूस आहे आणि त्याला तहान लागली आहे.

कांटच्या दंडकातील 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसाचा साधन म्हणून उपयोग करण्यास त्याची मनाई नाही. न्हावी, शिंपी, शिक्षक या सर्वांचा आपण साधन म्हणून उपयोग करतोच. मॉडेलही मोबदला घेऊन बसते. तेव्हा मॉडेलकडून काम करून घेणे यात अनीती नाही. अनीतीचा आरंभ होतो तो मोबदला दिला की सारे देणे फिटले, असे मानण्यापाशी.

मराठी सौंदर्यविचाराने हा प्रश्न थेट हाताळलेला नसला तरी त्याची चौकट सिद्ध करून ठेवली आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील विचारानुसार कलाकृतीचे सौंदर्य संवेदनांच्या लयबद्ध संघटनेत, संवाद, विरोध आणि समतोल यांच्या नात्यांत असते. ही भूमिका शेवटपर्यंत नेली तर चित्र कोणाचे आहे हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो आणि मॉडेल हे रंगाकृतींचे निमित्त उरते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद अशा दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिच्या आधारे असे म्हणता येईल की डोळा मिटून प्रमाण मोजणारा चित्रकार अलौकिकतावादी असतो आणि 'जरा उठा' म्हणणारा चित्रकार लौकिकतावादी. चांगल्या व्यक्तिचित्रकाराला एकाच बैठकीत अनेकदा या दोन ध्रुवांमध्ये ये-जा करावी लागते. ही ये-जा थांबली तर एका टोकाला निर्जीव कौशल्य उरते आणि दुसऱ्या टोकाला काढायचे राहून गेलेले चित्र.

४

मोबदल्यापलीकडचे देणे कोणते, याचा शोध घेताना नावाचा प्रश्न पुढे येतो. व्यक्तिचित्राच्या व्यवहारात एक जुनी विषमता आहे. जो पैसे देऊन स्वतःचे चित्र काढून घेतो त्याचे नाव चित्राला मिळते. जे पैसे घेऊन बसते त्याच्या चित्राला 'अभ्यास', 'वृद्ध', 'युवती', 'विचारमग्न' अशी शीर्षके मिळतात. दोन्ही चित्रांतले कष्ट सारखे, पाहणे सारखे. फरक पडतो तो पैशाच्या दिशेने. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि जिवंत स्त्रियांवरून अभ्यासलेले चेहरे देवींच्या रूपाने घरोघरच्या भिंतींवर पोचले. त्या स्त्रियांच्या चेहऱ्यांची पूजा झाली, नावे राहिली नाहीत.

या दृष्टीने हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या सुप्रसिद्ध जलरंगचित्राची कहाणी बोलकी आहे. हाताच्या आडोशाने समईची ज्योत सांभाळणाऱ्या तरुणीचे हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे असून ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता तासन्तास उभी राहिली होती. पुढे हे चित्र रविवर्म्याचे आहे असा समज दूरवर पसरला. रविवर्मा १९०६ सालीच निवर्तला होता, हे लक्षात घेण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. हळदणकरांचे नाव पुसले गेल्याची खंत कलारसिकांनी वेळोवेळी व्यक्त केली आणि ती योग्यच होती. परंतु चित्रकाराचे नाव चुकले तर जो अन्याय वाटतो, तो मॉडेलचे नाव मुळातच नसले तर का वाटत नाही? गीताबाई उपळेकर यांचे नाव आज ठाऊक आहे, कारण त्या चित्रकाराच्या कन्या होत्या आणि कोल्हापुरात शंभरी ओलांडून २०१८ सालापर्यंत जगल्या. त्यांच्या जागी मोबदला घेऊन उभी राहिलेली एखादी स्त्री असती तर आज ज्योत तेवढी उरली असती.

घरच्या माणसाला बसवण्याची प्रथा जुनी आहे आणि तिला केवळ काटकसर कारणीभूत नसावी. त्रिंदाद यांना १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवून देणारे चित्र त्यांच्या पत्नी फ्लोरेन्तिना यांचे होते. वासुदेव कामत यांच्या ज्या चित्राला २००६ साली अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेही त्यांच्या पत्नीचेच. पत्नी, मुलगी, आई यांच्याकडे पाहताना नाव विसरून नुसत्या छटा पाहणे अधिक अवघड असते. आणि बैठक संपल्यावर ते माणूस निघून जात नाही. त्याच घरात चहा करायला उठते, चित्राकडे पाहते, कधी नाक मुरडते. घरातल्या बैठकीत देणे आपोआप फिटते असे नाही, पण ते विसरणे कठीण होते.

याच्या उलट टोकाला आहे तो 'नमुना' म्हणून माणूस रेखाटण्याचा प्रघात. वासाहतिक राज्यकर्त्यांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांत छायाचित्रांच्या साहाय्याने जातीजमातींची नोंदवही तयार केली. ऑटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) या पुस्तकासाठी धुरंधरांनी काढलेली चित्रे हाताच्या सफाईने आणि वेशभूषेच्या अभ्यासाने आजही लक्ष वेधून घेतात. परंतु त्यांतील स्त्रियांची ओळख जात, प्रदेश किंवा व्यवसाय यांपुरतीच राहते. 'कोळीण' हा विषय तर मुंबईच्या चित्रपरंपरेत इतका रूढ झाला की ते एका जिवंत स्त्रीचे चित्र आहे हे सांगावे लागते.

या प्रघाताची कसोटी आज प्रदर्शनाच्या दालनापेक्षा जुईनगरसारख्या ठिकाणी अधिक चांगली लागते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवण्याचे ठरले. त्या जमिनी मुख्यतः आगरी-कोळी समाजाच्या होत्या; १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. आज जुईनगरच्या इमारतींच्या शेजारीच शिरवणे आणि सानपाडा ही जुनी गावे उभी आहेत. हार्बर मार्गाच्या ज्या गाडीने जे. जे.चा विद्यार्थी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, ती याच स्थानकावरून जाते. आता अशी कल्पना करावी की जुईनगरच्या एका लहानशा सदनिकेत राहणाऱ्या चित्रकाराला मासे विकणाऱ्या स्त्रीचे चित्र काढायचे आहे. उत्तरेचा प्रकाश देणारी कार्यशाळा त्याच्यापाशी नाही. खिडकीजवळची खुर्ची आहे. जी स्त्री त्या खुर्चीत येऊन बसेल तिच्याकडून त्याच्या घरात वर्षानुवर्षे मासे घेतले जातात. तिचे नाव त्याला ठाऊक आहे, मुलगा काय करतो तेही ठाऊक आहे, तिच्या सासऱ्याचे शेत कोठे होते हेही कदाचित ठाऊक असेल. बैठकीसाठी तिने सकाळचा धंदा बुडवला आहे. एवढे सारे ठाऊक असताना पूर्ण झालेल्या चित्राखाली 'कोळीण' असे लिहिणे ही आता सवय राहत नाही. ती एक निवड होते आणि तिचे उत्तरदायित्व चित्रकारावर येते. जिचे शेत शहराच्या नकाशात बुडाले, तिचे नाव चित्राच्या शीर्षकातही बुडावे काय, असा हा प्रश्न आहे.

युरोपातही या दिशेने विचार सुरू झालेला दिसतो. मारी-गिलमीन बन्वा या चित्रकर्त्रीने १८०० साली प्रदर्शित केलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या चित्राचे शीर्षक दीर्घ काळ तिच्या वर्णावरूनच दिलेले होते. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील प्रदर्शनात ते 'मादलेनचे व्यक्तिचित्र' या नावाने मांडले गेले. चित्रातला एकही फटकारा बदलला नाही. बदलले ते पाहणाऱ्याचे चित्राशी असलेले नाते.

५

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. नाव जाहीर करणे हे मॉडेलच्या हिताचेच असते असे कशावरून? रवी जाधव यांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाची नायिका यमुना जे. जे.मध्ये विवस्त्र मॉडेल म्हणून काम करते आणि ते मुलापासून लपवते. हा चित्रपट २०१७ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील पॅनोरमा विभागातून वगळला गेला आणि २०१८ साली प्रदर्शित झाला. विद्यार्थ्यांच्या वर्गात ज्या देहाकडे आदराने पाहिले जाते, त्याच देहाची समाजात जी संभावना होऊ शकते ती पाहता अनामिकता हे यमुनेसारख्या स्त्रीचे संरक्षण आहे. तिचे नाव शीर्षकात घालणारा चित्रकार न्याय करीत नसून घात करील.

हा आक्षेप मान्य केल्यावर मूळ भूमिका टाकून द्यावी लागत नाही. ती अधिक नेमकी होते. प्रश्न नाव देण्याचा किंवा न देण्याचा नाही. ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे. प्रथेने पडलेला अनामिकतेचा पडदा आणि मॉडेलने स्वतः मागितलेला पडदा दिसायला सारखेच असतात, पण त्यांचे नैतिक मूल्य वेगळे असते. पहिल्यात तिला कोणी विचारलेले नसते.

आक्षेपाचे दुसरे रूप कलावंताच्या बाजूने येते. बसणाऱ्याला इतके अधिकार दिले तर प्रत्येक चित्र त्याच्या पसंतीस उतरले पाहिजे असे होईल आणि व्यक्तिचित्र म्हणजे रंगीत खुशामत ठरेल. ही भीती अनाठायी नाही. मागणीबरहुकूम काढलेल्या कितीतरी तैलचित्रांत ती खरी ठरली आहे. म्हणून येथे सीमारेषा आखणे आवश्यक आहे. प्रतिमा चित्रकाराची आहे. चेहऱ्याचा अर्थ लावण्याचे, त्यातील कठोरपणा किंवा भीती उघड करण्याचे त्याचे स्वातंत्र्य अबाधित आहे. बसणाऱ्याचा अधिकार आहे तो वेळेवर, देहावर आणि आपल्या उपस्थितीच्या नोंदीवर. जॅकोमेत्तीने १९६४ साली जेम्स लॉर्ड या लेखकाचे चित्र अठरा बैठकांत काढले, पुन्हा पुन्हा पुसले आणि पुन्हा काढले. चित्रात लॉर्डला काही दुरुस्ती सुचवता आली नाही. पण त्या बैठकांवर त्याने स्वतःचे पुस्तक लिहिले. चित्र एकाचे, बसण्याचा वृत्तान्त दुसऱ्याचा अशी ही वाटणी न्याय्य म्हणावी लागेल. अर्थात, लॉर्डच्या हाती लेखणी होती. चौथऱ्यावर बसणाऱ्या बहुतेकांच्या हाती ती नसते आणि म्हणूनच त्यांच्या उपस्थितीची नोंद करण्याचे काम चित्रकारावर येते.

६

आता साहित्याकडे परतता येईल. शब्दांनी व्यक्तिचित्र काढणाऱ्याला एक सोय उपलब्ध आहे. ती चित्रकाराला नसते. त्याने रेखाटलेले माणूस समोर बसलेले नसते. त्याला मान अवघडल्याची तक्रार करता येत नाही. आपले चित्र काढले जात आहे हे ठाऊकही नसते. लेखक स्मरणातून लिहितो आणि स्मरण हे छायाचित्राप्रमाणेच थकत नाही. व्यंकटेश माडगूळकर स्वतः रेखाटने करीत. त्यांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मधील लेखांची शीर्षके या संदर्भात अभ्यसनीय आहेत. 'धर्मा रामोशी' या शीर्षकात जात आहे, पण तिच्याआधी नाव आहे. रॉथफेल्डच्या पुस्तकातील शीर्षकांच्या शेजारी हे शीर्षक ठेवले म्हणजे नमुना आणि माणूस यांतील अंतर कळते. तरीही धर्मापर्यंत ते पुस्तक पोचण्याची शक्यता थोडी होती हे विसरता येत नाही.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) या प्रश्नाला वेगळेच उत्तर मिळाले. दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक दया पवाराला सांगतो अशी योजना त्यात आहे. बसणारा आणि काढणारा हे एकाच माणसाचे दोन भाग आहेत आणि जो बसला आहे तो उलट पाहतोही आहे. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) प्रसिद्ध झाले तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते. 'गणगोत'मध्ये (१९६६) ज्यांनी अनेकांना रेखाटले, त्यांचेच चित्र आता घरातल्या माणसाने काढले होते आणि ते त्यांना वाचता येणार होते. त्या पुस्तकाविषयीची चर्चा बहुधा स्पष्टवक्तेपणाभोवती फिरत राहिली. रेखाटलेले माणूस वाचकांमध्ये उपस्थित असताना लिहिण्याचे धैर्य आणि संयम यांकडे तिचे लक्ष तितकेसे गेले नाही.

समीक्षेला यातून एक कसोटी मिळू शकते. एखाद्या व्यक्तिचित्राचे मूल्यमापन करताना ते किती ठसठशीत आहे, किती मोजक्या रेषांत आहे, हे आपण विचारतोच. त्यासोबत हेही विचारता यावे : हे माणूस समोर बसलेले असते तर लेखकाने हेच वाक्य लिहिले असते काय? उत्तर 'नाही' असे आले तर ते वाक्य खोटेच ठरते असे नाही. काही सत्ये पाठीमागेच लिहिता येतात. परंतु ते सत्य होते की सोय होती, हे तपासण्याची जबाबदारी मग लेखकावर येते. चित्रकाराला ही तपासणी टाळता येत नाही. दर अर्ध्या तासाने खांदा सैल पडतो, नजर ठिपक्यावरून ढळते आणि समोरचे माणूस, काहीही न बोलता, आपण येथे आहोत असे त्याला सांगते.